वेड, वस्ती आणि शिपाई

१९७३ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुष्काळाने गाव सोडून आलेली आमची माणसे मुंबईच्या एका उपनगरात रुळांच्या कडेला झोपड्या टाकून राहत होती. मी बारा वर्षांचा होतो. माझ्या आत्याची दोन लेकरे त्याच वर्षी चार महिन्यांच्या अंतराने गेली. एक गोवराने गेले, दुसरे कशाने गेले ते कुणालाच कळले नाही. त्यानंतर तिची झोप उडाली. रात्री उठून ती रुळांकडे चालू लागे आणि कुणी ना कुणी तिला हाताला धरून परत आणी. एका रात्री ती कोयता घेऊन आपल्या झोपडीच्या दारात बसली. तिने कुणावर तो उगारला नाही. ‘लेकरं निजल्याती, गलका करू नगा’ एवढेच ती पुन्हापुन्हा सांगत होती. झोपडी रिकामी होती.

१९५६ नंतर आमच्या घरातले देव नदीत गेले होते. त्यामुळे देवऋषी बोलावण्याचा प्रश्न नव्हता. डॉक्टर परवडणारा नव्हता. वस्तीतली एक म्हातारी सुईण मात्र आली. आत्यापासून चार हातांवर ती मातीत बसली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘निजल्याती व्हय? मग आपुन बी हळूच बोलू.’ दोघी बोलू लागल्या. कोयता अजून हातात होता, पण त्याचे टोक जमिनीकडे गेले होते. हे मी पाहिले आहे.

तोवर माझ्या बापाने नाक्यावरच्या इराण्याच्या हॉटेलातून शंभर नंबर फिरवला होता. त्याला दोष कसा देऊ? घाबरलेल्या माणसाने शहरात कुणाला हाक मारायची, तर हा एकच आकडा त्याला कुणीतरी शिकवला होता. गाडी आली तशी वस्ती ओस पडली. आमच्या वस्तीत ती गाडी एकतर हातभट्टीसाठी येई, नाहीतर झोपड्या पाडायच्या आदल्या दिवशी. सुईणीला एका शिपायाने दंडाला धरून उठवले. हवालदाराने बापाला विचारले, ‘कोण रे तू हिचा?’

‘साहेब, भाऊ हाय मी.’

‘मग वेडी बाई मोकाट कशी सोडलीस?’

तिच्याच लुगड्याने तिचे हात बांधले. रात्रभर चौकीत, दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे, तिथून वेड्यांच्या इस्पितळात. अकरा महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिचे केस कापलेले होते. नंतर ती बावीस वर्षे जगली, घरकाम केले, माझ्या लग्नात नाचली. पण मोटारीचा आवाज आला की पदर डोक्यावरून ओढून ती भिंतीकडे तोंड करून बसे.

बाप गेल्यावर त्याच्या ट्रंकेत मला त्या वेळचा एक कागद सापडला. त्यावर इंग्रजीत एक शब्द होता, त्याचा अर्थ ‘मोकाट भटकणारी’. माझी आत्या आपल्या स्वतःच्या दारात बसली होती. मग हा शब्द त्या कागदावर आला कुठून? त्या शब्दाचा माग काढता काढता मी फार लांब गेलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

१८५७चा उठाव मोडला, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले. त्या १८५८ सालीच हिंदुस्थानात वेडासंबंधी लागोपाठ तीन कायदे झाले: चौतिसावा, पस्तिसावा आणि छत्तिसावा. पहिले दोन कायदे वाचले तर त्यात माणूस कमी आणि मिळकत जास्त आहे. वेड्याच्या जमिनीचे काय, वाड्याचे काय, त्याची व्यवस्था कुणी पाहायची, कोर्टाने चौकशी कशी करायची, याची सारी तजवीज त्यात आहे. एक कायदा इलाख्याच्या मोठ्या शहरांतल्या सुप्रीम कोर्टांसाठी, दुसरा जिल्हा कोर्टांसाठी. तिसरा, छत्तिसावा, वेड्यांच्या इस्पितळांचा. त्यात पोलीस अंमलदारावर कर्तव्य घातले आहे की, आपल्या हद्दीत मोकाट भटकणारा जो कुणी वेडा वाटेल त्याला आणि वेडामुळे धोकादायक वाटेल त्यालाही पकडून मॅजिस्ट्रेटकडे पाठवावे.

म्हणजे ज्याच्याकडे काही आहे त्याचे वेड कोर्टाने पाहायचे, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याचे वेड शिपायाने. ही विभागणी कायद्यात कुठेही जातीच्या नावाने केलेली नाही. पण ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले, ज्याला जमीन नाही आणि घर म्हणजे चार काठ्या, तो समाज कायद्याच्या नजरेत जन्मतःच ‘मोकाट’ ठरतो. त्याचे दार हे दारच नसते. आत्या घरात होती की रस्त्यावर, हे त्या हवालदाराला ठरवता आले नाही. ते ठरवण्याची त्याला कुणी गरजच ठेवली नव्हती.

पुढे १९१२चा लुनसी ॲक्ट आला. त्याच्या तेराव्या कलमात ठाण्याच्या अंमलदाराला मोकाट वेड्यास अटक करण्याचा अधिकार दिला आणि धोकादायक वेड्याला अटक करणे बंधनकारकच केले. शब्द ‘अटक’ हाच होता. आत्याला नेले ते याच कायद्याने. १९८७ साली नवा कायदा झाला, तो १९९३च्या एप्रिलमध्ये अमलात आला, आणि त्यात ‘अटक’ जाऊन ‘संरक्षणात घेणे’ आले. शब्दाला मी कमी लेखत नाही, आमच्या पिढीने शब्दांसाठी मार खाल्ला आहे. परंतु संरक्षण देणाराही ठाण्याचा अंमलदारच होता. इस्पितळात जागा नसेल तर तुरुंगात ठेवायचे, ही रीत तोवर एवढी मुरली होती की गुन्हा न केलेल्या वेड्यांचा तुरुंगात एक वेगळा वर्गच झालेला होता. शीला बारसे यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले आणि १९९३च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाविरोधी ठरवले. स्वातंत्र्य मिळून तेव्हा सेहेचाळीस वर्षे झाली होती.

इथपर्यंत आल्यावर मला प्रश्न पडला की जगात दुसरे कुणी दार ठोठावते की नाही. मी समाजकार्याचे शिक्षण घेऊन सरकारी संस्थांत पस्तीस वर्षे नोकरी केली. तेवढ्या काळात हा प्रश्न मला वरिष्ठांपैकी कुणी विचारला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारला नाही. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसांकडे वळलो. आपल्या चळवळीला हे वळण नवे नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे करावयाच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ साली आपल्या पोरांनी ‘पँथर’ हे नाव घेतले तेही तिकडूनच.

पेनसिल्व्हानिया राज्यात पिट्सबर्ग हे पोलाद गाळणारे शहर. त्यातला हिल डिस्ट्रिक्ट हा भाग काळ्यांचा. १९५०च्या दशकात शहर सुधारण्याच्या नावाखाली त्या भागाचा खालचा अर्धा पट्टा पाडून तिथे मोठे क्रीडागृह बांधले आणि सुमारे आठ हजार माणसांना उठवले. आमच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. या शहरात साठच्या दशकापर्यंत कुणी आजारी पडले, छातीत कळ आली, तर फोन केल्यावर पोलिसांची गाडी येई. दारुडे आणि चोर ज्या बंद गाडीतून न्यायचे तीच. त्यात कापडी झोळी टाकायची, रोग्याला तीवर ठेवायचे, दोन्ही पोलीस पुढे बसायचे आणि रोगी मागे एकटा. हिलमधली माणसे ही गाडी बोलवायला धजत नसत. बोलावलीच तर रोगी पोहोचेपर्यंत जगेलच याचा भरवसा नसे.

१९६७ साली तिथे ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सुरू झाली. काळ्यांची एक संस्था, एका आरोग्यनिधीचे प्रमुख फिल हॅलन आणि पीटर सफर नावाचे भूलतज्ज्ञ एकत्र आले. तोंडाने श्वास देऊन आणि छाती दाबून माणूस वाचवण्याची जी पद्धत आज जगभर शिकवतात, ती घडवणाऱ्यांत हे सफर होते. त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने १९६६ साली गेली होती. त्यांनी निवडली कोण माणसे? हिलमधलीच बेकार तरुण पोरे. कुणी व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला, कुणी शाळा सोडलेला, कुणी तुरुंग पाहून आलेला. शहराने ज्यांना ‘कामाला न लावता येण्याजोगे’ म्हणून बाजूला टाकले होते, त्यांना तीनशे तासांचे शिक्षण देऊन गाडीत बसवले. शरीरशास्त्र, नाडी, श्वासनलिकेत नळी घालणे, सारे काही. १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि हिल पेटली, तेव्हाही ही पोरे रोगी वाहून नेत होती. पुढे नॅन्सी कॅरोलिन या तरुण डॉक्टर त्यांच्या प्रमुख झाल्या. देशभरच्या रुग्णवाहिकांसाठी जो पहिला अभ्यासक्रम तयार झाला, तो याच पोरांच्या कामावर घासूनपुसून.

हे काम शरीराच्या आजारांचे होते, वेडाचे नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही इथूनच सुरुवात करतो. दारात शिपाई यायचा तिथे शेजारचा, शिकलेला, आपली भाषा बोलणारा माणूस येऊ शकतो, हे आधी त्यांनी सिद्ध केले. आणि त्याचे पुढे काय होते तेही त्यांच्याच वाट्याला आले. गोऱ्या वस्त्यांनी विचारायला सुरुवात केली की ही चांगली गाडी फक्त हिललाच का? १९७५च्या ऑक्टोबरात शहराने स्वतःची रुग्णवाहिका सेवा काढून फ्रीडम हाऊस बंद केले. जुन्या माणसांना नव्या सेवेत घेऊ असे सांगितले होते. घेतलेही. मग परीक्षा, नियम, जुनी प्रकरणे, आणि कालपर्यंत ज्यांना हे शिकवत होते तेच वरिष्ठ. बहुतेक जण बाहेर पडले. कामाची पद्धत राहिली, ती घडवणारे गेले. आपल्याकडे तमाशाचे आणि पोवाड्याचे जे झाले ते आठवून पाहावे.

आता खुद्द वेडाकडे येऊ. किंग यांचा खून ज्या मेम्फिस शहरात झाला, तिथे ते सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते. ते कामगार जवळजवळ सारे काळे होते. त्याच मेम्फिसमध्ये १९८७च्या सप्टेंबरात एका आईने मदतीसाठी फोन केला. तिचा सत्तावीस वर्षांचा मुलगा जोसेफ ड्वेन रॉबिन्सन हातात सुरी घेऊन स्वतःलाच कापत होता. पोलीस आले, सुरी टाक म्हणून ओरडले, त्याने टाकली नाही, आणि त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. तोही काळा. हे वाचताना मला आत्याचा कोयता दिसला. आमच्या शिपायांकडे त्या रात्री फक्त काठी होती.

मेम्फिसमध्ये मोठा गदारोळ झाला आणि १९८८ साली एक तोडगा निघाला. काही पोलिसांना निवडून चाळीस तासांचे शिक्षण द्यायचे, वेडाचा झटका आलेल्या माणसाशी कसे बोलायचे ते शिकवायचे, आणि असा फोन आला की त्यांनाच पाठवायचे. ही पद्धत अमेरिकेत हजारो गावांनी उचलली. तिने काही जीव वाचवले असतील, ते मी नाकारत नाही. पण गणवेश तोच, कमरेचे पिस्तूल तेच, आणि रोग्याला दिसते ते पिस्तूल. चाळीस तासांचे शिक्षण त्याला दिसत नाही.

दुसरा रस्ता पश्चिमेकडच्या ऑरेगन राज्यातल्या यूजीन नावाच्या शहराने धरला. तिथे साठच्या दशकाच्या अखेरीस केस वाढवलेल्या, व्यवस्थेवर रुसलेल्या पोरांनी ‘व्हाइट बर्ड’ नावाचा मोफत दवाखाना काढला होता. १९८९च्या ४ जुलैला त्यांनी एक गाडी सुरू केली आणि तिला ‘कहूट्स’ असे नाव दिले. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ संगनमत. पोलिसांशी आजवर हाडवैर आणि आता त्यांच्याच फोनवरून निघायचे, म्हणून स्वतःची केलेली ही थट्टा. गाडीत दोन माणसे: एक परिचारिका किंवा प्रथमोपचार जाणणारा, दुसरा समजूत घालण्याचे शिक्षण घेतलेला कार्यकर्ता. शस्त्र नाही, बेडी नाही. घोंगडी, पाणी, कोरडे मोजे, खायला काहीतरी. कुणी पुलावर उभा आहे, कुणी रस्त्यात स्वतःशी ओरडतो आहे, कुणी घरात दार लावून बसला आहे, तर तिथे जायचे आणि बसायचे. आमच्या सुईणीसारखेच चार हातांवर. २०१९ साली त्यांनी सुमारे चोवीस हजार फोनांना उत्तर दिले. पोलिसांना मदतीला बोलवावे लागले ते शंभरात दोनपेक्षाही कमी वेळा. खर्च वर्षाला सुमारे एकवीस लाख डॉलर, तर यूजीन आणि शेजारचे स्प्रिंगफील्ड या दोन शहरांच्या पोलिसांवर नऊ कोटी डॉलर. पोलिसांचे म्हणणे असे की यातले पुष्कळ फोन एरवीही आमच्याकडे आले नसते. त्यात तथ्य असावे. ज्या दारात पोलीस येणार म्हणून कुणी फोनच करत नव्हते, तिथून आता फोन येऊ लागले, असाही त्याचा अर्थ निघतो.

एक गोष्ट मला इथे खटकते आणि ती सांगितली पाहिजे. यूजीन हे बहुतांशी गोऱ्यांचे गाव. ऑरेगनच्या १८५७च्या घटनेत काळ्यांनी या राज्यात येऊन राहू नये असे कलमच होते, आणि ते १९२६ साली काढले. गोऱ्यांच्या गावात गोऱ्या वेड्याशी मऊ बोलणारी गाडी छत्तीस वर्षे फिरू शकली. काळ्यांच्या हिलमधली गाडी आठ वर्षांत बंद झाली. अर्थात कहूट्सही टिकली नाही. पैशाची तोंडमिळवणी होईना म्हणून २०२५च्या एप्रिलमध्ये यूजीनमधली तिची सेवा थांबली.

मधल्या काळात काळ्या माणसांच्या रक्तानेच हा प्रश्न पुन्हा वर आला. २०२०च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी डॅनियल प्रूड नावाचा एकेचाळीस वर्षांचा काळा माणूस भ्रमात उघड्या अंगाने बर्फात पळत सुटला. त्याच्या भावानेच फोन केला होता, माझ्या बापासारखा. पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या, डोक्यावर पिशवी चढवली आणि रस्त्यावर दाबून धरले. आठवड्याने तो मेला. त्याचे चित्रण सप्टेंबरात बाहेर आले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. शहराने २०२१च्या जानेवारीत कार्यकर्त्यांचे एक पथक नेमले. पथक सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच त्याच रॉचेस्टरमध्ये बेभान रडणाऱ्या नऊ वर्षांच्या काळ्या मुलीला पोलिसांनी बेड्या घालून तिच्या तोंडावर तिखटाचा फवारा मारला. पथक होते, पण त्या घरी पाठवले होते पोलिसांना. फोन उचलणारा माणूस त्या फोनला काय नाव देतो, यावर सारे अवलंबून. कौटुंबिक भांडण म्हटले की पोलीस, आजार म्हटले की पथक. आत्या ‘मोकाट’ ठरली ती अशीच, एका शब्दाने.

कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात २०२०च्या जूनपासून मानसोपचाराचा जाणकार आणि आरोग्यसेवक असे दोघे गाडीतून जाऊ लागले. पहिल्या सहा महिन्यांत ७४८ ठिकाणी गेले, एकालाही अटक झाली नाही. तेवढा आकडा पुरे.

‘मग आपल्याकडेही पोलिसांऐवजी समाजकार्यकर्ते पाठवा, झाले,’ असे एका तरुण मित्राने मला ऐकवले. मी त्याला सोलापूरला जायला सांगितले. सोलापुरात आजही एका भागाला सेटलमेंट म्हणतात. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या जन्मालाच गुन्हा ठरवले, त्या कैकाडी, पारधी, भामटा, मांग-गारुडी अशा जातींना तिथे तारेच्या कुंपणात ठेवत. दिवसातून ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जायचे तर पास. आणि या वसाहती चालवायला पुष्कळ ठिकाणी कोण होते? मिशनरी, मुक्तिफौजवाले, सुधारक. मुक्तिफौजेच्या बूथ टकर यांनी तर गुन्हेगारीच्या इलाजाचे एक शास्त्रच बनवून त्याला लांबलचक नाव दिले होते. हे लोक शाळा काढत, शिवण शिकवत, प्रार्थना घेत, आणि संध्याकाळी हजेरीही घेत. अंगावर पोलिसाचा गणवेश नव्हता. १९५२च्या ऑगस्टअखेर तो कायदा गेला. १९५९ साली मुंबई राज्यात भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यातही भटकणाऱ्या माणसाला धरून एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते. त्या संस्था समाजकल्याण खात्याच्या.

अशाच संस्थांत मी नोकरी केली. माझ्या हातात काठी नव्हती, रजिस्टर होते. एखादी बाई रात्रभर रडली तर सकाळी मी त्यात ‘त्रासदायक’ असा शेरा मारीत असे. आमच्या वस्तीतल्या त्या म्हातारीने आत्याविषयी असा शेरा मारला नसता, तिला लिहिताच येत नव्हते. शेरा मारण्याची सत्ता ज्याच्याकडे आहे, तो पोलीस असो की पदवीधर कार्यकर्ता, तो कुणाला जबाबदार आहे हे पाहिल्याशिवाय मी त्याला दारात घ्यायला तयार नाही. वस्तीला, की खात्याला? फ्रीडम हाऊसच्या पोरांचे मोल मला याच जागी कळते. रोगी मेला तर दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून त्यांना घरी जायचे होते.

आणि वेडाचा शब्द कुणासाठी कसा वापरला जातो तेही पाहावे. २०२४च्या १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ती करणारा मनोरुग्ण असल्याचे सरकारने सांगितले. त्यावर आपल्या अनेक लोकांचा विश्वास बसला नाही. तो मनोरुग्ण होता की नव्हता ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण त्यानंतर पोलीस शिरले ते आपल्या वस्त्यांत, आणि सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. १९७४ला वरळी, १९९७ला रमाबाई नगर, २०२४ला परभणी. आमच्या वस्तीत ती गाडी आली की माणसे का पांगतात, हे ज्याला कळत नाही, त्याने आमच्या वेड्यांसाठी योजना आखू नये.

२०१७चा मानसिक आरोग्य कायदा २०१८च्या मे महिन्यापासून लागू झाला. तो मी नीट वाचला आहे आणि पूर्वीच्या साऱ्या कायद्यांपेक्षा तो माणसाचा कायदा आहे. शंभराव्या कलमाने मनोरुग्णाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायला मनाई केली. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायला सांगितले. परंतु नेणारा कोण? ठाण्याचा अंमलदार. आणि ‘मोकाट भटकणारा’ हा १८५८चा शब्द त्या कलमात अजून आहे. टेलिमानसचा १४४१६ हा आकडा २०२२पासून सुरू झाला, तिथे फोनवर बोलायला माणूस मिळतो. दारात येणारे मात्र कुणी नाही.

आपल्याकडे हे जमणारच नाही असे कुणी म्हणू नये. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष काढला. मारहाण झालेली बाई ठाण्यात आली की तिच्याशी बोलायला समाजकार्यकर्ती तिथेच बसलेली असे. पुढे राज्य सरकारने ते काम आपलेसे केले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाच्या प्रयोगात २०१३पासून गावातल्याच बायाबापड्यांना शेजाऱ्याचे दुःख ऐकून घ्यायला शिकवले. पुण्यात बापू ट्रस्टने वस्त्यांमधूनच ‘सेहेर’चे काम उभे केले. सुईणीचे जे काम होते, तेच हे. तेवढ्यासाठी रात्रीची गाडी, पगार आणि फोनचा एक आकडा लागतो.

दोन वर्षांपूर्वी मी आता राहतो त्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा एक मुलगा रात्री दार लावून बसला. पंचवीस वर्षांचा, नोकरी गेलेली. आतून भांडी फुटल्याचे आवाज येत होते. त्याची आई खाली आली आणि म्हणाली, ‘दादा, पोलिसांना नका बोलवू.’ मी फोन केला. पलीकडून विचारले, पोलीस हवेत की ॲम्ब्युलन्स? मी म्हणालो, बोलायला कुणी येईल का? त्या मुलीने मला दुसरा आकडा दिला. त्यावर एका माणसाने आईशी पाऊण तास फार चांगले बोलून तिला शांत केले. मी जिन्यात, त्याच्या दारापासून चार पायऱ्या खाली बसलो. मला गुडघ्यांचा त्रास आहे, दोनदा उठून फेऱ्या मारल्या. मध्येच मी त्याला आत्याची गोष्ट सांगितली, तो ऐकतो आहे की नाही हे कळत नव्हते. पहाटे पाचच्या सुमारास आतून आवाज आला, ‘काका, त्या सुईणीचं पुढं काय झालं?’

मी म्हणालो, ‘दार उघड, सांगतो.’

त्याने दार उघडले. आईने चहा टाकला. सकाळी आम्ही तिघे सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत आमचा नंबर अडतीसावा होता.